शून्य पेशंट की शून्य स्लाइड?

ताई, तुमचा प्रश्न असा: मुलगी बँकेच्या नोकरीवर मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर जिल्ह्यातल्या एका गावात जाते आहे. तुम्ही कुठेतरी वाचलंत की तिकडे आता हजारामागे एकालाही धड मलेरिया होत नाही. आणि त्याच जिल्ह्यातल्या जोबटचे तुमचे ओळखीचे म्हणतात, पावसाळा सरला की घरोघर माणसं तापाने पडलेली असतात. खरं कोणाचं मानायचं?

थोडं थोडं दोघांचं. मी डॉक्टर नाही. झाबुआ-अलीराजपूर भागात (2008 पर्यंत तो एकच जिल्हा होता) मलेरियाच्या स्लाइडी, म्हणजे काचेवर घेतलेले रक्ताचे थेंब, तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली, आता इंदुरात रिटायर होऊन घरी असतो.

तुम्ही वाचलेल्या हजारी आकड्याला आम्ही एपीआय म्हणायचो. वर्षभरात रक्त तपासून पक्के ठरलेले रुग्ण, दर हजार लोकसंख्येमागे. यातलं 'रक्त तपासून' लोक वाचतच नाहीत. समजा हजार वस्तीचं गाव आहे. वर्षात 30 जणांचं रक्त घेतलं, 2 पॉझिटिव्ह निघाले, एपीआय झाला 2. शेजारच्या तेवढ्याच गावात कार्यकर्ता नेटाने फिरला, 200 जणांचं रक्त घेतलं, 4 निघाले, एपीआय 4. कागदावर दुसरं गाव दुप्पट आजारी. पण पहिल्या गावात तपासलेल्या दर पंधरात एक पॉझिटिव्ह आहे आणि दुसऱ्यात दर पन्नासात. मला विचाराल तर मी मुलीला दुसऱ्या गावात पाठवीन. म्हणून एपीआयच्या बाजूला शंभरामागे किती जणांचं रक्त तपासलं तो आकडाही बघायचा असतो. तो निदान 10 तरी हवा, अशी जुनी अपेक्षा आहे.

एका वर्षी आमच्या एका सेक्टरचे रुग्ण एकदम निम्म्यावर आले. मीटिंगमध्ये पाठ थोपटून झाली. मला मात्र माझ्या टेबलावर दिसत होतं की त्या सेक्टरचे स्लाइडींचे गठ्ठेच येईनासे झालेत. तिथला कार्यकर्ता बदलून गेला होता आणि जागा सबंध पावसाळाभर रिकामी होती. डास काही बदलीवर गेले नव्हते.

शिवाय तिकडचं गाव म्हणजे आपल्या माळव्यातल्यासारखं एका जागी नसतं. एकेक फलिया, म्हणजे छोटी वस्ती, एकेका टेकडीवर. आशाताई एका दिवसात दोन फलिये करेल, तिसरा राहतो. ताप आला की माणूस आधी जातो झोलाछापाकडे, म्हणजे बिनडिग्रीच्या डॉक्टरकडे. तो बाटली चढवतो, गोळ्यांचा अर्धामुर्धा डोस देतो, ताप उतरतो, नोंद कुठेच होत नाही. रक्त घेतलंच तर काचेवरचा थेंब वाळायच्या आत मुंग्या लागतात. हसू नका, मुंग्यांनी चाटून साफ केलेल्या स्लाइडी मी हातात धरल्या आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली जाड थेंबाची शंभर फील्ड (एका वेळी दिसणारे भाग) पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही असा नियम, पण समोर ढीग पडला की कोण किती पाहतं ते मी इथे सांगत बसत नाही. आता झटपट कार्ड टेस्ट आली, त्यामुळे हे पुष्कळ सुधारलं. आणि अंगात परजीवी असून ताप नसलेली माणसंही असतात. ती तपासायला येणार कशाला?

मोजण्यात किती राहून जाऊ शकतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण 2010 चं. लॅन्सेटमध्ये एक अभ्यास आला होता. घरोघर जाऊन, मृत्यूआधी काय काय झालं होतं ते नातेवाइकांना विचारून अभ्यासकांनी अंदाज बांधला की भारतात वर्षाला सत्तरीच्या आतले सुमारे 2 लाख 5 हजार लोक मलेरियाने जातात. त्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता 15 हजारांच्या आसपास. त्यावर वाद झाला, आणि व्हायलाच हवा होता, कारण 'ताप येऊन गेला' एवढ्यावरून तो मलेरियाच होता हे ठरवणं अवघड. पण त्यांनी मलेरियाचे धरलेले 86 टक्के मृत्यू कुठल्याही दवाखान्यात झालेले नव्हते. ते आमच्या रजिस्टरात येणार कुठून?

आता जोबटच्या मंडळींकडे. पावसाळ्यातला प्रत्येक ताप त्यांच्या लेखी मलेरिया. त्यात डेंगी असतो, टायफॉइड असतो, नुसता व्हायरलही असतो. व्हायवॅक्स जातीचा मलेरिया यकृतात दबा धरून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतो, म्हणजे एकच माणूस दोनदा मोजला जातो. गुजरातेत बांधकामावर गेलेला मजूर भगोरियाला (होळीआधीच्या जत्रेला) ताप घेऊन घरी येतो, तोही गावाच्याच नावावर चढतो.

आणि मलेरिया खरोखर कमी झालाय, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. देशात 2015 साली जवळपास 11.7 लाख रुग्ण नोंदले गेले, 2023 मध्ये 2.27 लाख. औषध भरलेल्या मच्छरदाण्या, कार्ड टेस्ट, गावात आशाताई, सगळ्यांचा हात आहे त्यात. फक्त आमच्या खात्यातली जुनी माणसं अशा आकड्याने हुरळत नाहीत. 1965 च्या सुमारास देशातले रुग्ण एक लाखापर्यंत खाली आले होते, मलेरिया संपलाच म्हणून सगळे सैलावले. 1976 ला ते 64 लाख झाले.

मुलीला मच्छरदाणी द्या आणि ती रोज लावायला सांगा. मलेरियाचा डास रात्री चावतो. खेड्यात मलेरिया पसरवणारी त्याची मुख्य जात गुरांवर जास्त पोसली जाते, तेव्हा गोठ्याला लागून असलेली खोली घेऊ नये. ऑगस्ट ते नोव्हेंबर जास्त जपायचं. पावसानंतर फाल्सिपेरम ही मलेरियाची दुसरी जात वाढते आणि ती जिवावर बेतते. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं, आधी गोळी नाही. व्हायवॅक्स निघाला तर प्रायमाक्विनचा 14 दिवसांचा कोर्स असतो. लोक चौथ्या दिवशी बरं वाटलं की सोडतात, मग तो परत येतो. ती गोळी मात्र डॉक्टरच्या सांगण्यावरूनच, काहींच्या रक्ताला ती सोसत नाही. सुट्टीत इंदुरात आली असताना ताप भरला तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगायचं की मी अलीराजपूरला राहते. इथे डेंगीची तपासणी करून मोकळे होतात.

गाव कुठल्या ब्लॉकात आहे ते लिहा. कट्ठीवाडा असेल तर डोंगर, जंगल आणि ओढे, सोंडवा असेल तर नर्मदेचं बॅकवॉटर. दोन्हीकडे मी फिरलोय, काही वेगळं सांगण्यासारखं असेल तर सांगेन.