गांबियात भुईमूग: जमिनीच्या आधी शेंग बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरोळकडे सहा एकर शेती आहे आणि भुईमुगातलं चांगलं कळतं. एका एजंटाने सांगितलंय की पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात शंभर एकर जमीन लांब मुदतीच्या कराराने स्वस्तात मिळते, तर तिथे भुईमूग लावून तेलाचा घाणा टाकावा का. मी मूळचा खानदेशातला, बरीच वर्षं गांबियातल्या सेरेकुंडा शहरात राहतो, शेंगा आणि काजूच्या खरेदीत आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. भुईमूग पिकवायला इथे येऊ नका. पिकलेला माल वाळवायला, निवडायला येणार असाल तर बोलण्यासारखं आहे.

देश केवढा ते आधी लक्षात घ्या. नदीच्या दोन्ही काठांची चिंचोळी पट्टी, रुंदीला कुठेही पन्नास किलोमीटरच्या आत, आणि समुद्राची बाजू सोडली तर सगळीकडून सेनेगल. आमचा एकटा जळगाव जिल्हा याच्यापेक्षा थोडा मोठा भरेल. पाऊस जून ते ऑक्टोबर, त्यानंतर पुढच्या जूनपर्यंत थेंब नाही. म्हणजे हातात एकच खरीप. तुमच्याकडचा उन्हाळी भुईमूग इथे डोक्यातून काढून टाका, कारण कोरड्या दिवसांत नदीचं पाणी समुद्रापासून दीडशे किलोमीटरच्याही आतपर्यंत खारं झालेलं असतं. जमीन हलकी, रेताड. आऱ्या, म्हणजे ज्यांच्या टोकाला शेंग धरते ते दांडे, सहज उतरतात, उपटायलाही सोपं, पण ताण पडला की झाड लगेच मान टाकतं.

आता त्या शंभर एकरांबद्दल. आतल्या भागात जमीन सातबाऱ्यावर नसते, ती गाव वसवणाऱ्या घराण्यांची असते. गावच्या प्रमुखाला अल्कालो म्हणतात, त्याच्यावर जिल्ह्याचा सेफो. भेटायला जाताना कोला नावाचं कडवट फळ न्यायचं, बसायचं, चहाच्या तीन फेऱ्या होईपर्यंत कामाचं बोलायचं नाही. जमीन वापरायला देतील, मनापासून देतील. पण एजंटाच्या कागदावर एका माणसाची सही आणि प्रत्यक्षात त्या रानावर चार कुटुंबांचा हक्क, असं सर्रास दिसतं. शिवाय सलग शंभर एकर म्हणजे कुणाचं तरी गुरं चारायचं रान. ट्रॅक्टर लावून एका तुकड्यात भुईमूग काढायचा प्रयोग इंग्रजांनीही केला होता, इथे नाही, टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात. 1947 मध्ये सुरू केला, कोट्यवधी पौंड मातीत घातले आणि 1951 मध्ये गाशा गुंडाळला. पावसाचा आणि मातीचा हिशेब कुणी धरलाच नव्हता.

मजूर स्वस्त, हेही अर्धंच खरं. पेरणीच्या दिवसांत प्रत्येक घर आपापल्या रानात असतं. गाढव नाहीतर घोडा जुंपलेलं एका ओळीचं पेरणीयंत्र चालतं, कोळपणीला लहान कोळपं, बाकी हातानं. भुईमूग बहुतेक पुरुषांचं पीक, खाजणातला भात बायकांचा. पूर्वीपासून सेनेगल, माली, गिनीकडून माणसं पावसाळ्यापुरती येत. यजमान राहायला-खायला आणि स्वतःपुरती जमीन देई, बदल्यात आठवड्यातले ठरलेले दिवस ती त्याच्या शेतात राबत. या व्यवस्थेवर हा देश उभा राहिला. 1830 च्या दशकात इथून शेंगा युरोपात जायला लागल्या आणि 1965 मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा निर्यातीत दुसरं काही नावाला नव्हतं. आता तरुण पोरं किनाऱ्यावरच्या हॉटेलांत नाहीतर युरोपच्या वाटेवर. रोजावर माणूस मिळेल, पण ऐन हंगामात शंभर एकराला पुरतील एवढे नाही.

उतारा सांगायचा तर चांगलं वर्ष असलं तरच हेक्टरी टनाच्या आसपास, नाहीतर खाली. बियाणं घरचंच, वर्षानुवर्षं तेच. आपल्या जळगावच्या संशोधन केंद्राचा जेएल-24 मालावीत काकोमा नावाने लावतात, तेव्हा आपली जात आफ्रिकेत चालतच नाही असं नाही. पण परवानगीशिवाय पिशवीतून बी आणायच्या भानगडीत पडू नका. ब्रिकामाला राष्ट्रीय कृषी संशोधन संस्था आहे, आधी तिथे जाऊन बसा.

खरी मेख काढणीनंतर आहे. आपल्याकडे काढणीला परतीचा पाऊस गाठतो आणि शेंगेला मोड येतात. इथे ऑक्टोबरनंतर कोरडं ठणठणीत, त्यामुळे पहिल्यांदा वाटतं, वाळवणीची चिंता नाही. पण पाऊस लवकर गेला तर शेंग जमिनीत असतानाच तापते, तडकते आणि बुरशी तिथेच आत शिरते. मग उपटलेल्या वेलांचे ढीग रानातच पडून राहतात, कधी कधी महिनाभर, आणि काठीने झोडपून शेंगा काढतात. त्या काठीने किती टरफलं फुटतात ते एकदा खाली बसून बघा. भुंगा ढिगातच अंडी घालतो. नंतर पोत्याच्या शिवणीला पांढरे, कागदासारखे कोष चिकटलेले दिसले की समजायचं, आतला दाणा पोखरलाय. काही ठिकाणी हाताने फोडायला सोपं जावं म्हणून शेंगांवर पाणी मारतात, त्याने तर सगळं मुसळ केरात. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, वाढतं ते असं. युरोपची थेट खाण्याच्या दाण्याची मर्यादा किलोमागे 4 मायक्रोग्रॅम आहे. ती गाठता येत नाही म्हणून इथला बराच माल युरोपात पाखरांचं खाद्य म्हणून जातो. चवीला हा दाणा आपल्या कुठल्याही दाण्याच्या तोडीचा आहे, आणि तो खातात कोण, तर चिमण्या! मला तरी याची चीड येते.

म्हणून म्हणतो, पैसा असेल तर तो ताडपत्री, उंच माचाण, शेंग न फोडता वेलावरून तोडणारं यंत्र, ओलावामापक आणि निवडणाऱ्या बायकांची चांगली मजुरी यात घाला. पंचवीस-तीस शेतकऱ्यांशी वाळवणीच्या अटीवर दर ठरवा आणि पैसे मालाबरोबर रोख द्या. इथला शेतकरी उधारीला विटलेला आहे. सरकार हंगामाच्या तोंडावर टनाचा भाव जाहीर करतं, डिसेंबरपासून गावोगावच्या खरेदी केंद्रांवर मापं सुरू होतात. पण सेनेगलमध्ये भाव चढला की रातोरात गाढवगाड्या सीमेपलीकडे जातात. कागदी करार त्यांना अडवत नाही, ओळख अडवते.

घाण्याचं मात्र सोडा. बाजारात आयात केलेलं स्वस्त तेल भरपूर आहे, शेंगदाण्याचं महाग तेल घेणारं गिऱ्हाईक थोडं. दाण्याचा गोळा, म्हणजे पेस्ट, खपतो, कारण दोमोदा हे इथलं रोजचं कालवण त्याचंच. मांस न घालता करायला सांगा, आपल्या उपासाच्या आमटीची आठवण येईल, फक्त टोमॅटो जास्त. पण प्रत्येक बाजारात दळून देणारी गिरणी आहेच, त्यांच्याशी स्पर्धा कशाला? भुईमुगाचा पाला मात्र विसरू नका. बकरी ईदच्या आधी मेंढ्यांसाठी तो चांगल्या भावाने जातो.

कागदपत्रांचं म्हणाल तर राहण्याचा परवाना वेगळा, कामाचा वेगळा, आणि परदेशी माणूस कामाला ठेवला की वर्षाचा कर पडतो. गुंतवणुकीचं प्रमाणपत्र गिएपा या सरकारी संस्थेकडून मिळतं. एजंटाला पैसे देण्याआधी थेट त्यांनाच विचारा.

ट्रॅक्टर कंटेनरमध्ये घालून आणू का, असंही विचारलंय. नको. सुट्या भागांसाठी सेनेगलमधल्या डाकारच्या वाऱ्या कराव्या लागतील. नोव्हेंबरच्या अखेरीस एकटेच या, मुंबईत पीतज्वराची लस टोचून, कारण लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर परतताना भारतातच अडवून ठेवतात. फाराफेनी आणि बासे, दोन्हीकडच्या बाजारात राहा, मार्चपर्यंत माल येताना-जाताना बघा. सोबत एक बरा ओलावामापक आणा, इथे पटकन मिळत नाही. घरच्यांना आणायचं आणि मुलांच्या शाळेचं त्यानंतर ठरवता येईल.