चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर घुमट आरती घरी कशी ध्वनिमुद्रित करावी?

आपला प्रश्न असा आहे की, घुमट (मडक्याच्या एका तोंडावर चामडे ताणून केलेले गोव्याचे तालवाद्य), हार्मोनियम, कांसाळे (धातूच्या झांजा), मुख्य गायक आणि कोरस हे पाच आवाज चार ट्रॅकवर, म्हणजे फितीवरील आवाजाच्या चार स्वतंत्र भागांवर, कसे बसवावेत, आणि दोन-तीन ट्रॅक एकत्र करून रिकाम्या ट्रॅकवर घेतले, म्हणजेच बाउन्स केले, की आवाज मंद होऊन मागे सूं असा नाद का वाढतो. फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावरील आरत्या मी अशाच यंत्रावर मुद्रित करतो. माझ्या मते कॅसेटवर मिश्रणाचे बहुतेक निर्णय पहिला ट्रॅक मुद्रित करण्यापूर्वीच घ्यावे लागतात, कारण बाउन्स करून मूळ ट्रॅक पुसले की त्यांतील प्रमाण पुन्हा बदलता येत नाही.

कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्यावर चारही ट्रॅक एकाच दिशेने लिहिले जातात, म्हणून दुसरी बाजू वेगळी वापरता येत नाही. इतक्या अरुंद ट्रॅकवर फितीचा स्वतःचा नाद ठळक राहतो. १९७९ साली आलेल्या टास्कमच्या पोर्टास्टुडिओ १४४ या यंत्रात यावर उपाय म्हणून फितीचा वेग दुप्पट, म्हणजे सेकंदाला सुमारे ९.५ सेंटिमीटर ठेवला होता. आपले यंत्रही दुप्पट वेगाचे असेल, तर ६० मिनिटांच्या कॅसेटवर केवळ १५ मिनिटे मिळतील; तेव्हा एका वेळी एकच आरती घ्यावी. क्रोम, म्हणजे टाइप २ ची कॅसेट वापरावी. १२० मिनिटांची फीत फारच पातळ असल्यामुळे ती टाळावी.

आता मुख्य मुद्दा. घुमट पहिल्या ट्रॅकवर आणि हार्मोनियम दुसऱ्यावर घ्यावे. आरतीची लय हळूहळू चढत जाते, म्हणून त्याच वेळी गायकाने वेगळ्या माइकवर तिसऱ्या ट्रॅकवर दिशादर्शक गायन करावे; ते पुढे पुसायचेच आहे. नंतर पहिला आणि दुसरा ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर न्यावा, पहिल्यावर कोरस, दुसऱ्यावर कांसाळे आणि तिसऱ्यावर मुख्य आवाज घ्यावा. या रचनेत बाउन्स एकदाच होतो. प्रत्येक बाउन्समध्ये उच्च स्वर थोडे झिजतात आणि नव्या ट्रॅकवरचा फितीचा नाद जुन्यात मिसळतो, त्यामुळे ज्यांची शान झणकारात आहे ती कांसाळे आणि ज्यातील शब्द स्पष्ट हवेत तो मुख्य आवाज बाउन्समधून कधीही नेऊ नये. घुमटाचे सामर्थ्य खालच्या स्वरांत असल्याने त्याचे फारसे बिघडत नाही. बाउन्स करताना ट्रेबल, म्हणजे उच्च स्वरांचे प्रमाण, किंचित वाढवावा आणि गायकाला शेजारी मोठ्याने गायला लावूनच प्रमाण ठरवावे. नुसती दोन वाद्ये ऐकताना योग्य वाटणारे हार्मोनियम पुढे कोरसखाली हमखास दबते.

लेव्हलच्या, म्हणजे मुद्रणाच्या पातळीच्या, बाबतीत सर्व वाद्यांना एकच नियम लावू नये. मीटरची सुई संथ असते आणि कांसाळ्यांचा क्षणिक आघात तिला दिसतच नाही, शिवाय कॅसेटवर उच्च स्वर लवकर संपृक्त होऊन चिरके होतात. म्हणून कांसाळ्यांची सुई उणे १० च्या आसपासच ठेवावी. हार्मोनियम शून्यापर्यंत निर्धास्त न्यावे. घुमटासाठी माइक मडक्याच्या उघड्या तोंडाला अगदी चिकटवू नये, कारण वादक तळव्याने ते तोंड झाकतो-उघडतो तेव्हा हवेचा जोरदार झोत येतो. हातभर अंतरावरून, चामड्याच्या बाजूला थोडा वळवून ठेवलेला माइक थाप आणि घुमारा दोन्ही टिपतो. यंत्रात डीबीएक्स, म्हणजे फितीचा नाद कमी करणारी यंत्रणा, असल्यास ते मुद्रणाच्या आणि ऐकण्याच्या दोन्ही वेळी चालू हवे. मात्र त्याच्यामुळे एकट्या घुमटाच्या प्रत्येक थापेबरोबर फितीचा नाद श्वासासारखा वर-खाली होतो. हार्मोनियम सोबत आले की हा दोष बराच झाकला जातो, त्यामुळे केवळ घुमट ऐकून यंत्राविषयी मत बनवू नये.

वेग बदलण्याचे बटण मध्यावर आहे ना, हे दर वेळी पाहावे. ते जरा जरी सरकले तरी पुढे हार्मोनियमची पट्टी जुळत नाही. नवी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून मगच वापरावी.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. दमट हवेत फितीवर बुरशी येते, म्हणून कॅसेटी सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि बुरशी धरलेली कॅसेट यंत्रात कधीही घालू नये. मुद्रणाआधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. चवथीच्या दिवसांत कौलांवरचा पाऊस माइकमध्ये शिरतो, त्यामुळे शक्य असल्यास दिवाळीनंतर मुद्रण करावे. उघड्या फरशीच्या खोलीत गायकामागे गोधडी टांगल्याने घुमणारा प्रतिध्वनी बराच कमी होतो.

शेवटचे मिश्रण संगणकावर स्टिरिओत घ्यावे. चौथा ट्रॅक आणि मुख्य आवाज मध्यभागी, कोरस थोडा डावीकडे आणि कांसाळे उजवीकडे ठेवावीत. फेडर, म्हणजे प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्ट्या, हातानेच चालवायचे असल्याने कोणत्या कडव्याला कोरस वर आणायचा हे कागदावर लिहून ठेवावे आणि दुसऱ्या माणसाला मदतीला घ्यावे. मिश्रण मनासारखे झाले की मूळ कॅसेटच्या वरच्या बाजूचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकावेत, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही मुद्रित होणार नाही.