मायक्रोफ्लुइडिक चिप : प्रयोगशाळेतून बाजारापर्यंत

प्रश्न : केसासारख्या बारीक वाहिन्यांतून द्रव खेळवून क्षयरोगाचे जंतू ओळखणारी पीडीएमएसची (एका सिलिकॉन रबराची) चिप आमच्या प्रयोगशाळेत उत्तम चालते. तीच मोठ्या संख्येने बनवून घेता येईल का?
— संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तीच चिप, त्याच द्रव्यात, बहुधा नाही. पीडीएमएस ओतून व ओव्हनमध्ये घट्ट करून एक-दोन दिवसांत नवी रचना हाती येते, आणि हार्वर्डमधील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने १९९८ मध्ये ही रीत मांडल्यापासून जगभरच्या प्रयोगशाळांनी ती उचलली, ती याच सोयीसाठी. कारखान्याला मात्र ही सोय उपयोगाची नाही. प्रत्येक चिप घट्ट व्हायला वेळ लागतो, प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा, मारा करून पाणी धरणारा केलेला पृष्ठभाग काही दिवसांत पुन्हा पाणी झटकू लागतो, वाहिन्यांतील पाण्याची वाफ भिंतींतून निसटते आणि तेलकट स्वभावाचे लहान रेणू या रबरात मुरतात. आज बनवून उद्या वापरायच्या चिपमध्ये हे दोष जाणवत नाहीत; गोदामात महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या चिपमध्ये ते जाणवल्याशिवाय राहत नाहीत.

बाजारासाठी सहसा पॉलिस्टायरीन, अ‍ॅक्रिलिक किंवा सीओसी या प्लॅस्टिकचे इंजेक्शन मोल्डिंग करतात, म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरतात. साचा एकदा बसला की एक भाग जेमतेम मिनिटाभरात बाहेर पडतो. तुमच्या चिपमध्ये लवचीक पडद्याच्या झडपा असतील, म्हणजे २००० मध्ये स्टीफन क्वेक यांच्या गटाने दाखवलेल्या धर्तीच्या, तर त्या कडक प्लॅस्टिकमध्ये जशाच्या तशा उतरणार नाहीत आणि द्रव पुढे ढकलण्याची योजनाच नव्याने करावी लागेल. सर्वांत जास्त दमवते ते झाकण बसवण्याचे काम. ५० मायक्रॉन खोलीच्या वाहिनीत गोंद किंवा द्रावक किंचित जास्त झाला तरी ती बुजते, आणि उष्णतेने जोडावे तर आत सुकवून ठेवलेले रिएजंट (तपासणीची रसायने) खराब होण्याची भीती असते. म्हणून माझा आग्रह असा, की रुग्णांच्या नमुन्यांवरील मोठी चाचणी सुरू करण्याआधीच अंतिम प्लॅस्टिकमधील चिप, निदान सीएनसीवर (संगणकचालित कोरीव यंत्रावर) कोरलेली तरी, वापरायला घ्यावी. प्रथिने प्रत्येक पृष्ठभागाला वेगळ्या प्रमाणात चिकटतात, त्यामुळे रबरावर मिळवलेले आकडे प्लॅस्टिकच्या चिपसाठी ग्राह्य धरता येत नाहीत. अनुदान संपत आले असताना हे उमगले, तर सगळी चाचणी पुन्हा करायला पैसे कोणाकडेच नसतात.

प्रश्न : आधी पेपर प्रसिद्ध करावा की पेटंटचा अर्ज करावा?
— प्राध्यापक, नागपूर

उत्तर : आधी अर्ज. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३१ मधील १२ महिन्यांची सवलत मोजक्या प्रसंगांपुरतीच आहे. नियतकालिकात पेपर छापून नंतर तिच्यावर विसंबणे धोक्याचे ठरेल, आणि युरोपात तर असा पेपर स्वतःच्याच अर्जाच्या आड येतो. तात्पुरता तपशील देऊन अर्ज करता येतो व संपूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यायचा असतो. रोगनिदानाच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, त्यामुळे दावा चिपच्या रचनेवर आणि यंत्रावर बांधावा.

प्रश्न : बोटातून काढलेल्या एका थेंबात वाटेल ती तपासणी होईल, असे विक्री प्रतिनिधी सांगतात. हे शक्य आहे का?
— पॅथॉलॉजिस्ट, सातारा

उत्तर : काही तपासण्या होतात. ग्लुकोज तर घरोघरी मोजले जाते, आणि दोन-तीन थेंबांत क्षार मोजणारे आय-स्टॅट हे हातात मावणारे यंत्र अमेरिकेत १९९० च्या दशकापासून वापरात आहे. ‘वाटेल ती’ म्हणणाऱ्याला मात्र थेंबभर रक्तात ढीगभर तपासण्यांचा दावा करणाऱ्या थेरानोस या अमेरिकन कंपनीची आठवण करून द्यावी. २००३ मध्ये स्थापन झालेल्या त्या कंपनीच्या संस्थापिकेला गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याबद्दल २०२२ मध्ये दोषी ठरवण्यात आले.

बोट दाबून काढलेल्या रक्तात पेशींबाहेरचा द्रव मिसळतो व काही पेशी फुटतात, त्यामुळे पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते, हे आपण जाणताच. त्याहून मोठी अडचण साध्या गणिताची आहे. जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या जीनएक्सपर्ट यंत्राच्या क्षयरोगासाठीच्या मूळ कार्ट्रिजची (नमुना भरायच्या डबीची) शोधमर्यादा, म्हणजे भरवशाने ओळखता येणारी किमान संख्या, मिलिलिटरमागे सुमारे १३१ जंतू इतकी होती. तेवढेच जंतू असलेल्या थुंकीतून एक मायक्रोलिटर (मिलिलिटरचा हजारावा भाग) थेट चिपवर घेतली, तर १०० पैकी सुमारे ८८ वेळा तिच्यात एकही जंतू नसेल, आणि जे नमुन्यात आलेच नाही ते कितीही संवेदनशील चिपला सापडणार नाही. म्हणून मोठ्या नमुन्यातून डीएनए गोळा करून थोड्या द्रवात आणणे, हेच या उद्योगातले अवघड आणि खर्चिक काम आहे. गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट या क्षयरोग तपासणीत ते ट्रूप्रेप नावाचे स्वतंत्र यंत्र करते आणि त्यातून निघालेल्या द्रवाचे केवळ ६ मायक्रोलिटर चिपच्या वाट्याला येतात. जीनएक्सपर्टमध्ये तेच काम कार्ट्रिजच्या पोटात होते. जागतिक आरोग्य संघटनेने जीनएक्सपर्टला २०१० मध्ये आणि ट्रूनॅटला २०२० मध्ये मान्यता दिली. प्रतिनिधीला यापुढे एवढेच विचारावे : किती मिलिलिटर नमुना लागतो आणि तो चिपपर्यंत पोहोचण्याआधी त्याचे काय होते?

प्रश्न : आम्ही वाहनांचे प्लॅस्टिकचे भाग बनवतो. या क्षेत्रात शिरावे का?
— कारखानदार, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : साच्याचे तुमचे ज्ञान संशोधकांकडे नसते, तेव्हा जरूर विचार करावा. पण काही सवयी सोडाव्या लागतील. भाग सुटावा म्हणून साच्यावर सिलिकॉनचा फवारा मारला, तर झाकण धरत नाही आणि चाचणीही बिघडते; त्याऐवजी भिंतींना थोडा उतार देण्यासाठी संशोधकाशी आरेखनाच्या टप्प्यावरच वाद घालावा. पुरवठादाराने प्लॅस्टिकचा ग्रेड बदलला तर ग्राहकाला न कळवता तो वापरता येणार नाही, कारण रोगनिदानाची साधने २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात आणि परवानाधारकाला प्रत्येक बॅचचा माग दाखवावा लागतो. स्वच्छ खोली (धूळमुक्त क्लीनरूम) आणि आयएसओ १३४८५ (वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता-व्यवस्थेचे मानक) यांचा खर्च पहिल्या ऑर्डरमधून निघेल, असे धरू नये. प्रारंभी अशा ऑर्डर शेकड्यांत असतात, लाखांत नव्हे.