देवगडहून पाठवलं काय, डोंबिवलीहून पाठवलं काय: फरक नेमका कुठे पडतो

ताई, तुम्ही देवगडजवळच्या वाडीतून व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन कोकम, कुळथाचं पीठ आणि फणसाचे तळलेले गरे पाठवता. कुरिअरवाला म्हणतो तुमचा पिनकोडच महाग आहे, शिवाय बिल नंतर वाढून येतं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणून सगळा माल डोंबिवलीला भावाकडे नेऊन ठेवावा आणि तिथून पाठवावा का, असं विचारलंय. आमच्या घरात याच प्रश्नावरून एक अख्खी चतुर्थी वादावादीत गेली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी सावंतवाडी तालुक्यातली. माल साधारण तुमच्यासारखाच, वर आंबापोळी आणि मसाला. लेबल, फूड लायसन्स, पॅकिंगची टेप वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

आधीच सांगते, मी कुठल्या कंपनीची एजंट नाही आणि हिशेबनीसही नाही. दर बदलत असतात, त्यामुळे खालचे आकडे स्वतः तपासून घ्या.

पोस्टापासून सुरुवात करते, कारण लोक पोस्टाला उगाच घाबरतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे नवे दर लागू झाले. कागदपत्रांच्या तक्त्यात २५१ ते ५०० ग्रॅमला त्याच शहरात २८ रुपये, २०० किलोमीटरपर्यंत ७०, ५०० पर्यंत ७५, १००० पर्यंत ८२, २००० पर्यंत ८६ आणि त्यापुढे कितीही लांब असलं तरी ९३. वर जीएसटी. पार्सलचा तक्ता वेगळा आहे, तो काउंटरवर मागून घ्या. पण हा तक्ता नीट बघा. मोठी उडी फक्त एकच आहे, गावातल्या गावात आणि गावाबाहेर यांच्यातली. त्यापुढे कोल्हापूर काय आणि गुवाहाटी काय, २३ रुपयांचा फरक.

आता हेच तुमच्या प्रश्नाला लावा. देवगडहून दिल्ली १००१ ते २००० च्या टप्प्यात येते आणि डोंबिवलीहूनही त्याच टप्प्यात. बंगळूर, हैदराबाद दोन्हीकडून ५०१ ते १००० मध्ये. देवगडहून मुंबईचं गिऱ्हाईक ७५ वाल्या टप्प्यात, डोंबिवलीहून ७० वाल्या. म्हणजे या तक्त्याप्रमाणे पाकिटामागे पाच रुपये वाचवायला तुम्ही गोणी रात्रीच्या लक्झरी बसवर चढवणार, हमाली देणार, भावाला उतरवायला पाठवणार, आणि वहिनीच्या स्वयंपाकघरात कोकमाचे डबे रचणार. पोस्टाने पाठवणार असाल तर माझं स्पष्ट मत आहे, डोंबिवलीचा विचार सोडा. पोस्टाच्या दरात खेड्यात राहण्याचा दंड नाही. तुमच्या वाडीच्या पोस्टातून निघालेल्या पाकिटाला आणि पुण्यातल्या मोठ्या डाकघरातून निघालेल्या पाकिटाला तोच तक्ता लागतो.

आणि तो "पिनकोड महाग" प्रकार. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहेत, ते पोस्टाला टपालाची वर्गवारी सोपी जावी म्हणून. पहिले तीन आकडे सॉर्टिंगच्या जिल्ह्याचे. देवगडचा पिन ४१६ ने सुरू होतो आणि कोल्हापूरचाही ४१६ नेच. रत्नागिरी आणि साताऱ्याचंही तसंच, दोघांचा ४१५. म्हणजे पोस्टाच्या लेखी आपण घाटावरच्या शेजाऱ्यांबरोबरच बसलेले आहोत. महाग-स्वस्त ठरवते ती प्रत्येक कुरिअर कंपनीची स्वतःची यादी. साधारणपणे त्यांचे झोन असे असतात: शहरातल्या शहरात, राज्यात किंवा जवळच्या पट्ट्यात, महानगर ते महानगर, उरलेला देश, आणि सगळ्यात महाग ईशान्य व जम्मू-काश्मीर. आपल्याला मार बसतो तो तिसऱ्यात. महानगर ते महानगर हा स्वस्त दर दोन्ही टोकं महानगरात असली तरच मिळतो. मुंबईचा विक्रेता दिल्लीला त्या दराने पाठवतो, आपण मात्र "उरलेला देश" मध्ये. शिवाय पुष्कळ गावं त्यांच्या नियमित सेवेच्या बाहेरची म्हणून नोंदलेली असतात. मग एक तर जादा पैसे, नाही तर "आम्ही उचलायला येणार नाही, तुम्ही शाखेत आणून द्या".

इथपर्यंतचं कोणीही सांगेल. ज्याने आमचं खरं कंबरडं मोडलं ते वेगळंच आहे, आणि तुमच्या प्रश्नात "बिल नंतर वाढून येतं" ही ओळ वाचली म्हणूनच मी लिहायला बसले.

आमचा गऱ्यांचा खोका ३० बाय २० बाय १५ सेंटिमीटरचा. आत पाव-पाव किलोची दोन पाकिटं, खोक्यासकट वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. आम्ही एक किलोचा दर धरून गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायचो. कुरिअरवाले मात्र काट्यावरचं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त असेल ते धरतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. आमच्या खोक्याचं उत्तर येतं १.८ किलो, म्हणजे दोन किलोचा दर. गऱ्यांसारखा हलका आणि फुगीर माल यात पुरता मरतो. एवढं तरी नियमात आहे, ते मान्य करून आम्ही दर वाढवले.

त्यानंतर दिवाळीची बिलं आली. त्यात आमच्या खोक्यांची मापं ३२ बाय २२ बाय १७ अशी लावलेली. गुणून बघा, ते जातं २.४ किलोच्या जवळ, म्हणजे अडीच किलोचा दर. खोका तोच, कारखाना तोच, फक्त प्रत्येक बाजूला दोन सेंटिमीटर वाढलेले. तालुक्याच्या गावी त्या कंपनीची शाखा आहे, नाव घेत नाही. मी रिकामा खोका आणि भरलेला खोका असे दोन्ही घेऊन गेले. म्हटलं, मोजायची टेप लावा आणि माझ्यासमोर मोजा. काउंटरवरच्या मुलाने खोक्याला हातही लावला नाही. "बिल वरसून इला हा, आमच्या हातात काय नाय." टेप त्याच्या टेबलावर समोर पडलेली. मॅनेजरनी सांगितलं, ऑनलाइन तक्रार करा. ऑनलाइन केली तर उत्तर आलं, तक्रारीची मुदत सात दिवसांची होती, ती संपली. मुदत मोजली कधीपासून? त्यांच्या यंत्राने खोका मोजला त्या दिवसापासून. आणि आम्हाला मापं दिसली ती बिलात, कितीतरी नंतर. ईमेलला पुन्हा उत्तर, "कृपया जवळच्या शाखेशी संपर्क साधा."

माझा राग पैशांपेक्षा याचा आहे. माप घेणारं यंत्र घाटापलीकडच्या त्यांच्या मोठ्या गोदामात. शहरातला विक्रेता रिक्षा करून तिथे जाऊन उभा राहतो, भांडतो, आणि त्याचं बिल दुरुस्त होतं, हे मला तिथल्याच एका ओळखीच्या विक्रेत्याने सांगितलं. आपण एका खोक्यासाठी आंबोली घाट चढून जायचं का? आणि तालुक्यात दुसरी शाखा नसल्यामुळे हे लोक निर्धास्त असतात. कोकणात राहण्याची खरी किंमत ही आहे, ताई. झोनचा फरक आधी कळतो, तो दरात धरता येतो. हे नंतर येतं, गिऱ्हाइकाने पैसे देऊन माल खाऊनही झालेला असतो.

मापं वाढतात कशी, ते मला मागाहून एका ट्रान्सपोर्टवाल्या काकांनी समजावलं. यंत्र सगळ्यात बाहेर आलेला भाग धरतं. आपल्याकडच्या दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो, आतल्या फुगलेल्या पाकिटांनी खोक्याचं पोट बाहेर येतं, वर चिकटपट्टीचे वेढे. तेव्हा हे तीन उपाय कराच. गऱ्यांसाठी पाच थरांचा पुठ्ठा घ्या आणि खोके माळ्यावर कोरड्या जागी ठेवा, पडवीत नको. भरलेल्या खोक्याचा मोजायची टेप लावलेला फोटो तिन्ही बाजूंनी काढा, काट्यावरचा एक, आणि प्रत्येकात पावती क्रमांक दिसू द्या. आणि कुरिअरच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर मापं रोज संध्याकाळी बघा, बिलाची वाट बघू नका. मुदत तिथेच निसटते.

मी आता काय करते ते सांगते, तुम्हाला तसंच जमेल असं नाही. चपट्या आणि जड मालाला पोस्ट. आंबापोळी, फणसपोळी, मसाला, आमसुलं. यांना खोका लागत नाही, जाड पिशवी पुरते. पाकीट अर्ध्या किलोचं करण्याऐवजी ४५० ग्रॅमचं केलं, म्हणजे पिशवी आणि टेप धरून पाचशेच्या आत राहतं. अर्धा किलो निव्वळ माल भरलात की पुढच्या टप्प्याचे पैसे तुम्ही फक्त पॅकिंगसाठी देता. गरे एकटे पाठवत नाही, मसाल्याबरोबर किंवा पिठाबरोबरच घ्या असं गिऱ्हाइकाला सांगते. हल्ली लोक ऐकतात.

डोंबिवलीचं एका बाबतीत मात्र मान्य आहे. तुमची निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं ठाणे-मुंबईची असतील आणि दिवाळीसारख्या हंगामात ऑर्डरी एकदम येत असतील, तर तेवढ्यापुरतं एकगठ्ठा माल नेऊन तिथून वाटणं परवडतं, आणि गऱ्यांच्या बाबतीत तर नक्कीच. बारमाही नको. आणि अन्नपदार्थांची नोंदणी जागेवर असते, माणसावर नाही. भावाच्या घरी माल साठवून विकायचा तर त्या जागेचीही नोंदणी लागेल. जीएसटी क्रमांक असेल तर त्यातही ती जागा दाखवावी लागते, ते तुमच्या सीएला विचारा.

अजून एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. "शिपिंग फ्री" लिहू नका. तो खर्च किमतीत घातला की कुडाळच्या गिऱ्हाइकाने गुवाहाटीवाल्याचे पैसे भरायचे, असं होतं. वरच्या तक्त्यात पोस्टाचे दर जवळजवळ सपाट आहेत, तेव्हा महाराष्ट्र-गोवा एक दर आणि बाकी देश दुसरा, एवढे दोन पुरतात. आणि माल पोचल्यावर पैसे, हा प्रकार अनोळखी गिऱ्हाइकाला अजिबात देऊ नका. दार बंद म्हणून पार्सल परत आलं की जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही आपल्याच अंगावर.

आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, तुम्ही पाठवता का ते लिहिलं नाहीत. पाठवत असाल तर बाटलीच्या झाकणाला आतून सील, वर स्वतंत्र पिशवी, आणि ती बाटली मसाल्याच्या पार्सलमध्ये कधीच नको. पावसाळ्यात पार्सल रखडण्याची तयारी ठेवा. घाटात दरड आली की गाड्या अडकतात, जून ते सप्टेंबर गिऱ्हाइकाला दोन-चार दिवस जास्तच सांगा. गावच्या पोस्टातून थैली किती वाजता निघते ते पोस्टमास्तरांना विचारून ठेवा. थैली बांधल्यावर दिलेलं पाकीट दुसऱ्या दिवशीच हलतं, आणि शनिवारी तसं झालं तर थेट सोमवारी.

गऱ्यांच्या खोक्याची तुमची मापं इथे टाका, मी हिशेब करून सांगते.