मानसशास्त्राच्या लघुप्रबंधात संदर्भ नीट कसे द्यायचे?

तुम्ही विचारलंय की, एम.ए. मानसशास्त्राचा लघुप्रबंध गाईडनी 'संदर्भ एपीएप्रमाणे (म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पद्धतीप्रमाणे) नाहीत' असा शेरा मारून परत दिलाय, तर संदर्भ आपोआप तयार करून देणारी एखादी साइट आहे का? आहे, सांगतो. पण मी हाच विषय शिकवतो आणि दरवर्षी असे प्रबंध तपासतो, म्हणून आधी दुसरं एक सांगू द्या. स्वल्पविराम चुकला तर अर्ध्या मिनिटात दुरुस्त होतो. न वाचलेला लेख वाचल्यासारखा दाखवला असेल, तर ते दुखणं कुठल्याही साइटने बरं होत नाही.

लिटल अल्बर्टचंच घ्या. एका बाळाला भीती शिकवण्याचा हा प्रयोग जवळजवळ प्रत्येक प्रबंधात येतो आणि कंसात (वॉटसन व रेनर, १९२०) असतंच. त्यापुढे एखादा विद्यार्थी लिहितो की शेवटी त्या बाळाची भीती घालवण्यात आली. मूळ लेख जेमतेम चौदा पानांचा आहे. साधारण अकरा महिन्यांचं मूल, पांढरा उंदीर, मागे लोखंडी दांड्यावर हातोडीचा आवाज. मग ससा, कुत्रा, सीलच्या कातड्याचा कोट, सांताक्लॉजचा मुखवटा यांचीही भीती. भीती घालवण्याचा भाग त्यात नाहीच, कारण त्याआधीच मुलाला रुग्णालयातून नेलं गेलं. हा सुखद शेवट पुढे काही पाठ्यपुस्तकांनी जोडला. अशा सगळ्या फेरफारांवर बेन हॅरिस यांनी १९७९ मध्ये 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट'मध्ये लेख लिहिला. भीती घालवली ती पीटर नावाच्या दुसऱ्या मुलाची, आणि ते काम मेरी कव्हर जोन्स यांचं, १९२४ चं. म्हणजे त्या एका वाक्यावरून परीक्षकाला कळतं की विद्यार्थ्याने १९२० चा लेख उघडलेलाच नाही. मॅस्लो यांच्या पिरॅमिडचंही तसंच. त्यांच्या १९४३ च्या लेखात गरजांची उतरंड आहे, त्रिकोणाची आकृती नाही.

म्हणून नियम एकच धरा: जे हातात घेऊन वाचलं, त्याचाच संदर्भ. मूळ लेख मिळाला नाही आणि माहिती पाठ्यपुस्तकातून घेतली, तर मजकुरात 'वॉटसन व रेनर, १९२०' लिहून पुढे 'अमुक लेखक, अमुक साल, यांच्या पुस्तकात उद्धृत' असं सरळ लिहा आणि शेवटच्या यादीत फक्त ते पुस्तक द्या. यात कमीपणा काहीच नाही. पण सगळाच प्रबंध 'उद्धृत'वर उभा राहू नये. वॉटसन-रेनर, मॅस्लो, मिलर यांचा 'सात, अधिक-उणे दोन'वाला लेख, असे कितीतरी जुने लेख कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठाच्या 'क्लासिक्स इन द हिस्टरी ऑफ सायकॉलॉजी' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. एक दुपार काढा आणि वाचा.

आता मांडणी. बरेच जण सीनियरचा प्रबंध समोर ठेवून संदर्भ लिहितात आणि तिथेच घोटाळा होतो, कारण तो प्रबंध एपीए नियमपुस्तिकेच्या सहाव्या आवृत्तीप्रमाणे असतो. सातवी आवृत्ती २०१९ च्या अखेरीस आली. त्यात पुस्तकाच्या प्रकाशकाचं गाव लिहायचं नाही. तीन किंवा जास्त लेखक असतील तर मजकुरात पहिल्या उल्लेखापासूनच पहिलं आडनाव 'व इतर'. शेवटच्या यादीत मात्र वीस लेखकांपर्यंत सगळी नावं द्यायची. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, पूर्ण लिंकच्या रूपात. शब्दशः उतारा घेतला तर पृष्ठक्रमांक हवाच, आणि उतारा चाळीस किंवा जास्त शब्दांचा असेल तर अवतरणचिन्हं न घालता वेगळ्या परिच्छेदात, आत सरकवून.

एक नोंद नीट बघा: मिलर, जी. ए. (१९५६), मग लेखाचं शीर्षक, मग 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू', ६३(२), ८१–९७. तिरपं काय करायचं? नियतकालिकाचं नाव आणि खंड ६३. अंक २ आणि पानं सरळ. इंग्रजीत लिहिताना लेखाच्या शीर्षकात पहिला शब्द, अपूर्णविरामानंतरचा (कोलननंतरचा) पहिला शब्द आणि विशेषनामं एवढ्यांनाच मोठं अक्षर, नियतकालिकाच्या नावात मात्र सगळ्या मुख्य शब्दांना. गुगल स्कॉलरवरून उचललेल्या नोंदीत हे नेमकं गडबडतं, आणि डीओआय बहुधा नसतोच.

मानसशास्त्रात आणखी एक जागा हमखास राहून जाते, ती म्हणजे चाचण्या. बेकची नैराश्य प्रश्नावली वापरली असं लिहून भागत नाही. पहिली १९६१ ची, दुसरी आवृत्ती बेक, स्टीअर व ब्राऊन यांची, १९९६ ची. त्यातली कोणती वापरली? मराठी रूपांतर वापरलं असेल तर रूपांतर करणाऱ्याचाही संदर्भ द्या, कारण विश्वसनीयता आणि वैधतेचे आकडे त्या रूपांतराचे लागतात. मूळ चाचणीचे आकडे मराठी रूपांतराखाली लिहिणं हे मी मांडणीची चूक मानत नाही, संशोधनाचीच चूक मानतो.

आणि साइट: झोटेरो हे संदर्भ जमवून मांडून देणारं सॉफ्टवेअर वापरा, ते फुकट आहे. पण त्याने उचललेली प्रत्येक नोंद मूळ लेखाच्या पहिल्या पानाशी ताडून बघा. आपली भारतीय नावं तर जरूर बघा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव यांत आडनाव भलतंच निवडलं जातं. एआयकडून संदर्भांची यादी मात्र करून घेऊ नका. तो खऱ्या लेखकाच्या नावावर कधीच न छापलेला लेखही बिनदिक्कत टाकतो. डीओआय उघडून तोच लेख दिसला नाही, तर नोंद काढून टाका.

वाङ्मयचौर्याबद्दलच्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमांमुळे सगळे साम्याच्या टक्क्यांना, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती मजकूर जुळतो त्याला, घाबरतात. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही हे खरं, पण नीट संदर्भ दिलेली अवतरणं आणि शेवटची ग्रंथसूची त्या मोजणीतून वगळायची असते. तेव्हा टक्का कमी व्हावा म्हणून संदर्भ गाळू नका.

सादर करण्याआधी प्रबंधाची छापील प्रत घ्या. मजकुरातल्या प्रत्येक कंसातलं नाव शेवटच्या यादीत शोधून पेन्सिलने टिक करा. यादीत टिक न झालेलं नाव उरलं तर ते काढा, मजकुरातलं नाव यादीत सापडलं नाही तर ते घाला. तुमच्या विद्यापीठाची स्वतंत्र नियमावली असेल आणि ती एपीएपेक्षा वेगळं सांगत असेल, तर विद्यापीठाचंच ऐका.