बीएस्सीसाठी कर्ज काढण्याआधी

चि.स अनेक आशीर्वाद,

नीटमध्ये मेडिकलपुरते मार्क पडले नाहीत, म्हणून आता बीएस्सी बायोटेक. फी आणि खर्च धरून वर्षाला दोन लाख, आणि बँक सहा लाख द्यायला तयार आहे, असं तू लिहिलंस. बँक तयार आहे म्हणजे तुला परवडेल, असं नाही. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज विनातारण मिळू शकतं, त्यातल्या मोठ्या भागाला सरकारी हमी असते. बँकेचा जीव त्यात फारसा अडकत नाही, तुझ्या वडिलांचा अडकतो. सहकर्जदार म्हणून सही त्यांची. हप्ते थकले की सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) दोघांचं बिघडतं, आणि पुढे बागेसाठी कर्ज मागायला गेले की तिथे ते दिसतं.

हिशेब कागदावर मांडू. व्याज सोपं म्हणून 10 टक्के धरते. पैसे वर्षाला दोन लाख असे सुटतात. शिक्षणाची तीन वर्षं अधिक एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं: पहिल्या दोन लाखांवर चार वर्षांचं 80,000, दुसऱ्यांवर 60,000, तिसऱ्यांवर 40,000. हप्ता सुरू होतो त्या दिवशी कर्ज सहा लाख नसतं, 7,80,000 असतं. पंधरा वर्षांची मुदत घेतलीस तर हप्ता सुमारे 8,400 आणि एकूण फेड पंधरा लाखांवर. दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता 10,300, एकूण साडेबारा लाखांच्या आत. शिकतानाच व्याज भरत गेलीस (पहिल्या वर्षी महिना 1,667, दुसऱ्या 3,333, पुढे 5,000) तर दहा वर्षांचा हप्ता 7,900 वर येतो. घरून तेवढं निघणार नसेल, तर ते आत्ताच कबूल करा.

आता पगार. ऑफर लेटरवर 2.4 लाख सीटीसी (कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) लिहिलं की घरचे वीस हजार समजतात. बेसिक दहा हजार धर. त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,200, ग्रॅच्युइटी 481, ईएसआयचे (कामगारांचा आरोग्य विमा) पावणेसहाशेच्या आसपास, हे सगळं त्या वीस हजारांतूनच वजा. मग तुझा पीएफ 1,200 आणि ईएसआयचे 133. व्यवसाय कर मुलींना 25,000 पर्यंत माफ आहे, ते 200 वाचले. हातात 16,400. त्यातून 8,400 गेले तर नाशिकच्या सातपूरची खोली आणि डबा कशातून? हप्ता हातातल्या पगाराच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये, असं माझं मत आहे. (80ई ची, म्हणजे शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची, करसवलत मिळेल असं एजंट सांगेल. इतक्या पगारावर आयकरच लागत नाही, सवलत कशातून घेणार?)

नाशिकमध्ये जीवशास्त्राला काम नाही असं नाही, पण ते कुठल्या विषयाला आहे ते नीट बघ. अंबड-सातपूरच्या औषध कंपन्यांत क्यूसीला (दर्जा तपासणी) मायक्रोबायोलॉजीवाले लागतात: प्लेट काउंट (जंतूंची मोजणी), एन्व्हायर्नमेंट मॉनिटरिंग, शिफ्ट ड्युटी. द्राक्ष निर्यातीसाठी कीटकनाशकांच्या अवशेष तपासणीचं काम एलसी-एमएस या यंत्रावर चालतं, तिथे केमिस्ट्रीला आधी विचारतात. दिंडोरी-पिंपळगावकडच्या पॅकहाऊसला हंगामात माणसं लागतात, साधारण जानेवारी ते एप्रिल. पगार चार महिने आणि हप्ता बारा महिने, हे जमत नाही. बीएस्सीनंतर डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी मिळते. मात्र डिप्लोमाला पॅरामेडिकल कौन्सिलची मान्यता आहे का, हे आधी तपास. ‘मग स्वतःची लॅब टाकीन’ हे डोक्यातून काढ. रिपोर्टवर सही नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्टचीच लागते, सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तेच सांगितलं.

यात खरी कमाई सुरू होते ती दुसऱ्या पायरीवर, एमएस्सी किंवा त्यापुढे. म्हणून बीएस्सीला कर्ज काढू नकोस, कर्ज काढायची ताकद त्या पायरीसाठी राखून ठेव. केटीएचएम किंवा एचपीटी-आरवायकेसारख्या जुन्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजी, झूलॉजी, बॉटनी बघ. खिडकीवर एकच विचार: ही तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? एकाच कॉलेजात दोन्ही असतात आणि फीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बायोटेक बहुतेक ठिकाणी विनाअनुदानितच. घरून एसटीने ये-जा केलीस तर हॉस्टेलचाही खर्च वाचेल. महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) अर्ज भर, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेव.

टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षी, पाचव्या सेमिस्टरमध्येच जॅमचा (आयआयटी वगैरेंच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) फॉर्म निघतो, साधारण सप्टेंबरात, परीक्षा फेब्रुवारीत. त्या वर्षी चुकला तर ड्रॉप घ्यावा लागतो, आणि कर्ज असेल तर हप्ता नसलेलं ते सवलतीचं एक वर्ष त्यातच संपतं. एमएस्सीनंतर नेट-जेआरएफ (संशोधनाच्या फेलोशिपची परीक्षा) निघाली तर महिना 37,000 आणि वर घरभाडं. पीएचडीसाठी कर्ज लागत नाही. सारथी, महाज्योती, बार्टी या राज्य सरकारच्या संस्थांच्याही फेलोशिप आहेत.

साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल तर सवलतीच्या काळातलं व्याज सरकार भरतं, अशी योजना आहे. ती तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. आपली बीएस्सी त्यात बसते असं कुणी म्हणालं, तर बँकेच्या शाखेकडून लेखी घे.

त्या बायोटेक कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या पाच जणांचे नंबर मिळव. प्लेसमेंट सेलकडून नको, तो चांगलेच पाच देईल. हातात किती येतात, कायम की कॉन्ट्रॅक्ट, आणि पहिली नोकरी लागायला किती महिने लागले, एवढंच विचार. आकडे मला कळव. तोवर टोकनची रक्कम भरू नकोस.