कुत्र्याचा खाऊ घरी करताना : वाचकांचे प्रश्न

घरात असलेल्या जिन्नसांतून कुत्र्यासाठी बिस्किटं भाजता येतील का, असं विचारणारी पत्रं सतत येतात. भाजता येतात. पण जवळजवळ प्रत्येक पत्रात एक समजूत धरून चाललेली असते, की आपण खातो ते घरचं आणि ताजं आहे, तेव्हा त्यालाही ते सोसणारच. या समजुतीपायी सलाईनवर गेलेले कुत्रे मी तपासले आहेत, म्हणून या वेळी बरेच प्रश्न एकत्र घेते आहे.

प्रश्न : कणीक चालते, की ओट्सचंच पीठ हवं?

दोन्ही चालतं.

प्रश्न : सोपी कृती सांगाल का? घरात कणीक, अंडी आणि लाल भोपळा आहे.

एवढं पुरेसं आहे. 200 ग्रॅम कणीक, वाटीभर म्हणजे साधारण 120 ग्रॅम उकडून कुस्करलेला भोपळा आणि एक अंडं. मीठ, साखर, मसाला काही नको. लागेल तेवढंच पाणी घालून घट्ट मळा, अर्धा सेंटीमीटर जाड लाटा, 40 तुकडे करा आणि 175 अंशांवर 25 ते 30 मिनिटं भाजा. मग ओव्हन बंद करून बिस्किटं आतच गार होऊ द्या, म्हणजे ती कोरडी होतात. भोपळ्याचा तयार गर विकत आणणार असाल तर गोड केलेला किंवा मसाला घातलेला घेऊ नका, त्यात कुत्र्याला बाधणारं जायफळ असू शकतं.

प्रश्न : बिस्किटं हलकी व्हावीत म्हणून सोडा किंवा यीस्ट घालू का?

नको. कुत्र्याला हलक्या बिस्किटाचं काही कौतुक नसतं. यीस्ट घातलेलं कच्चं पीठ त्याने पळवलं तर ते पोटात फुगतं आणि आंबताना त्यातून अल्कोहोल तयार होतं. असं झालं तर त्याच क्षणी दवाखाना.

प्रश्न : चवीला दोन-तीन मनुका घातल्या तर?

एकही नको. किती मनुकांनी मूत्रपिंडं निकामी होतील हे प्रत्येक कुत्र्यात वेगळं असतं, त्यामुळे सुरक्षित आकडा सांगताच येत नाही. द्राक्षांतलं टार्टारिक आम्ल यामागे असावं असं 2021 पासून मानलं जातं. म्हणून बेकिंगमध्ये वापरतात ते क्रीम ऑफ टार्टार, म्हणजे याच आम्लाचा क्षार, तोही या बिस्किटांत घालू नका.

प्रश्न : कुत्र्यांना साखर वाईट म्हणून मी शुगर-फ्री पावडर आणि शुगर-फ्री पीनट बटर घालून बिस्किटं केली. 10 किलोच्या आमच्या कुत्र्याने त्यातली दोन खाल्ली. तो ठीक दिसतोय. काही दिसलं तर डॉक्टरांकडे नेऊ ना?

हे पत्र वाचल्याबरोबर फोन करून त्यांना दवाखान्यात पाठवलं. इथे छापते आहे ते बाकीच्यांसाठी.

बऱ्याच शुगर-फ्री पदार्थांत साखरेऐवजी झायलिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं. माणसाला ते सहसा बाधत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र ते गेलं की स्वादुपिंड एकदम भरपूर इन्सुलिन सोडतं आणि रक्तातली साखर कोसळते. किलोमागे 0.1 ग्रॅम एवढ्यानेही हे होऊ शकतं. किलोमागे 0.5 ग्रॅमच्या पुढे यकृतालाच इजा होण्याचा धोका असतो. आता हिशेब करा. साखरेऐवजी 100 ग्रॅम झायलिटॉल घालून 25 बिस्किटं केली तर एकेका बिस्किटात 4 ग्रॅम येतं. 10 किलोच्या कुत्र्याला साखर कोसळायला 1 ग्रॅम पुरतं. म्हणजे एक बिस्किट धोक्याच्या कितीतरी पुढे गेलं आणि दोन बिस्किटं यकृतापर्यंत पोचली. भाजल्याने झायलिटॉल नष्ट होत नाही.

‘काही दिसलं तर’ या तीन शब्दांची मला सर्वांत जास्त भीती वाटते. लक्षणं कधी अर्ध्या तासात सुरू होतात, कधी बारा तासांनी. उलटी, गळून जाणं, झोकांड्या, मग फिट. यकृताची इजा तर एक-दोन दिवसांनी रक्ततपासणीत कळते, तोवर कुत्रा शेपटी हलवत फिरत असतो. लवकर आणलेल्या कुत्र्याला डॉक्टर उलटी करवू शकतात, ग्लुकोज सुरू करू शकतात. संध्याकाळी खाल्लं आणि सकाळी आणलं, तर पहिला उपाय हातातून गेलेला असतो. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याने रक्तातलं मीठ वाढून कुत्रा दगावू शकतो, आणि सुस्तावलेल्या कुत्र्याची उलटी फुफ्फुसात जाऊ शकते. डबा सोबत घ्या, अंदाजे किती खाल्लं ते लिहून घ्या आणि निघताना फोन करा.

आता वेष्टनाबद्दल. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘नैसर्गिक’ आणि ‘साखर नाही’ असतं. झायलिटॉल मागे, बारीक अक्षरांत. कधी त्याला ‘बर्च शुगर’ म्हणतात, कधी नुसतं ‘ई 967’. या लपवाछपवीची मला चीड येते, कारण तिची किंमत कुत्रा मोजतो. स्टेव्हिया किंवा एरिथ्रिटॉल या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या इतर गोड द्रव्यांनी कुत्र्यांत असा प्रकार होत असल्याचं दिसलेलं नाही, पण पाकिटं बऱ्याचदा मिश्रणाची असतात, म्हणून घटक वाचा. पीनट बटर घ्यायचंच तर ज्याच्या यादीत फक्त शेंगदाणे आहेत तेच घ्या. मुळात बिस्किट गोड करायचंच कशाला? भोपळा, रताळं, गाजर यांचा गोडवा कुत्र्याला भरपूर होतो.

प्रश्न : बिस्किटांत लसूण घातला की गोचीड लागत नाहीत, असं सगळे सांगतात.

सगळे चुकीचं सांगतात. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवून किंवा भाजून उपयोग नाही, आणि वाळवलेली पावडर अधिक तीव्र. परिणाम दिसायला काही दिवस जातात. हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, आणि तोवर घरच्यांना बिस्किटं आठवतही नाहीत. गोचिडांवर तपासलेली औषधं आहेत. कुत्र्याचं वजन आणि वय सांगून ती डॉक्टरांकडून घ्या.

प्रश्न : धान्यविरहित खाऊच चांगला असं ऐकलं. कणीक बंद करू का?

कुणाकडून ऐकलं? गव्हाची खरी ॲलर्जी काही कुत्र्यांना असते, पण बीफ, दूध आणि चिकन यांची ॲलर्जी त्याहून जास्त आढळते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, 2018 मध्ये धान्यविरहित खाद्य आणि हृदयाचा एक आजार यांच्या संबंधाची चौकशी सुरू केली. तो संबंध सिद्ध झालेला नाही, पण धान्य काढलं की खाऊ आपोआप चांगला झाला, हे तर कुणीच दाखवलेलं नाही. कुत्रा सारखा खाजवत असेल तर स्वतः पिठं बदलत बसू नका. डॉक्टर निदान आठ आठवडे ठरावीक आहार देऊन पाहतात, आणि त्या काळात घरचं एक बिस्किटही दिलं तर सगळी चाचणी वाया जाते.

प्रश्न : दिवसाला किती द्यावीत?

खाऊ दिवसाच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत. नसबंदी झालेल्या, 10 किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 630 कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला 60 येतात. वरच्या कृतीतलं एक बिस्किट साधारण 20 कॅलरीचं आहे, तेव्हा तीन. घरातल्या चौघांनी प्रत्येकी तीन दिली तर बारा होतात, म्हणून सकाळीच दिवसाची बिस्किटं वाटीत काढून ठेवा. एक मोठा चमचा पीनट बटर 90 कॅलरीच्या पुढे जातं, हेही मोजा. लठ्ठ कुत्र्याचा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.

प्रश्न : किती दिवस टिकतात? थोडी बुरशी आली तर तेवढा भाग काढून देऊ का?

देऊ नका, सगळी टाका. काही बुरशींच्या विषाने कुत्र्याला कंप आणि फिट येतात. टाकतानाही झाकणाच्या डब्यात टाका. मऊ बिस्किटं फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, बाकी फ्रीझरमध्ये.

प्रश्न : आमच्या कुत्रीला मागच्या वर्षी स्वादुपिंडाचा दाह झाला होता. तिला लोणी घालून केलेली चालतील का?

लोणी नाही. चीज, तेल, चिकनची कातडीही नाही. चरबीच्या एका खाऊनेही तो त्रास पुन्हा उसळू शकतो. वर दिलेली कृती कमी चरबीची आहे, तरी तिच्यासाठी ती मी परस्पर मंजूर करणार नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या कुत्र्यांनाही हेच लागू आहे. कृती कागदावर लिहा, प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये मांडा आणि तिच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर तिच्या रोजच्या खाद्यातलेच चार दाणे खाऊ म्हणून हातावर द्या.